सहा बोटं आणि घरचाच हात : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातला कापूस-तुरीचा शेतकरी. गेल्या माघात तूर कापून बाबा संध्याकाळी घरी आले. आईने सकाळीच सारवलेल्या अंगणात लाल ठसे उमटले होते, एकाच पायाचे, फाटकापासून ओसरीपर्यंत. तुरीचं धसकट चपलेतून आरपार जाऊन तळव्यात मोडलं होतं. बाबा म्हणाले, "मले तं काहीच दुखलं नाही." आम्ही हळद भरली. पुढे जखम चिघळली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन दोन बोटं कापावी लागली.

बाबांना बारा वर्षांपासून शुगर आहे. गोळ्या मिळतात, बोटाला टोचून साखर बघतात. पण या बारा वर्षांत "चप्पल काढा, पाय दाखवा" असं त्यांना कुणीही म्हटलं नाही.

साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की नसा खराब होतात. सगळ्यात लांबच्या नसा आधी जातात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. कुणाला मुंग्या येतात, कुणाची आग होते, कित्येकांना काहीच जाणवत नाही.

हे घरच्या घरी ओळखता येतं. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी रूढ केलेली एक साधी चाचणी आहे. माणसाने डोळे मिटून आडवं व्हायचं. घरच्याने दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला, टोकावर, आपल्या बोटाने एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करायचा. दाबायचं नाही, टोचायचं नाही. स्पर्श झाला की त्याने डावा की उजवा ते सांगायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पायाला धोका आहे असं समजून डॉक्टरांना दाखवायचं. सगळं कळलं तरी वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यायचेच.

साहेब, बधिर कातडी म्हणजे काय हे विदर्भाला शिकवावं लागत नाही. वरोऱ्याचं आनंदवन, अमरावतीचं तपोवन, वर्ध्याजवळचं दत्तपूर, या कुष्ठरुग्णांसाठीच्या संस्था इथल्याच. कुष्ठरुग्ण शोध मोहिमेत आशाताई दारोदार फिरून चट्ट्याला संवेदना आहे का ते विचारते. कुष्ठरोग्याच्या बधिर पायांसाठी सरकार मऊ रबराची एमसीआर चप्पल देतं. शुगरने बधिर झालेल्या पायालाही काटा तितकाच घुसतो.

म्हणून मागणी एवढीच. प्रत्येक शुगरच्या रुग्णाच्या घरी एका माणसाला आशाताईने ही चाचणी शिकवावी, आणि त्या कामाचा वेगळा मोबदला तिला मिळावा. फुकटच्या कामांचं ओझं तिच्यावर आधीच पुष्कळ आहे. प्रत्येक उपकेंद्रात दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे तेवढ्या दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू, असावा. तो तळव्याला टेकवून वाकेपर्यंत दाबला, तरी रुग्णाला कळत नसेल तर संरक्षक संवेदना, म्हणजे इजा झाल्याचं कळवणारी जाणीव, गेली असं धरतात. आणि ज्यांची गेली, त्यांना ती चप्पल द्यावी.

आईलाही शुगर आहे. परवा रात्री मी तिची बोटं तपासली. डाव्या पायाची करंगळी आणि मधलं बोट तिला कळलं नाही. मी पुन्हा लावून पाहिलं. डोळे मिटूनच ती म्हणाली, "लाव ना रे, वाट पाहून राहिली मी." उद्या तिला उपकेंद्रात घेऊन जातोय.

आपला,
यवतमाळ जिल्ह्यातील एक शेतकरी