फोनवर आमचं नाव आणणाऱ्या भाऊंना

सीताबर्डीचे टेलिफोनवाले भाऊ,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. नागपुरात अजून कितीतरी दवाखाने, शाळा, औषधाची दुकानं अशी आहेत की त्यांचा फोन लोक उचलत नाहीत, आणि तो का उचलत नाहीत हे त्यांना कोणी समजावून सांगितलेलं नाही. आम्हाला तुम्ही सांगितलंत. त्याबद्दल मनापासून आभार.

आमची धंतोलीतली लॅब तुम्हाला माहीत आहे, वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. रोज सकाळी सॅम्पल येतात, दुपारपर्यंत रिपोर्ट निघतात, आणि त्यातले काही असे असतात की ते छापून काउंटरवर ठेवून चालत नाही. रक्तातलं पोटॅशियम साधारण 3.5 ते 5 च्या दरम्यान असावं लागतं. ते साडेसहाच्या वर गेलं की हृदयाच्या ठोक्यांना धोका असतो. डेंग्यूच्या दिवसांत दीड लाखाच्या वर असायला हवेत ते प्लेटलेट वीस हजारांवर आलेले दिसतात. अशा आकड्याला आम्ही क्रिटिकल व्हॅल्यू म्हणतो आणि तो डॉक्टरांना आणि पेशंटच्या घरी ताबडतोब कळवणं हे लॅबचं कर्तव्यच आहे. कोणी, कोणाला, किती वाजता कळवलं याची नोंद ठेवावी लागते. त्या नोंदवहीत गेल्या पावसाळ्यात पानोपानी एकच शेरा होता: फोन उचलला नाही.

उमरेडकडच्या एका आजोबांचं पोटॅशियम असंच वाढलेलं निघालं. मुलाचा नंबर फॉर्मवर होता. फोन वाजत राहिला, मग कट झाला, मग लागेनासाच झाला. शेवटी त्यांच्या गावातल्या डॉक्टरांना शोधून निरोप दिला आणि आजोबा वेळेत दवाखान्यात पोचले. दुसऱ्या दिवशी मुलगा भेटायला आला तेव्हा त्याने फोन दाखवला. आमच्या नंबराखाली लाल अक्षरांत कर्ज वसुलीचं नाव होतं. त्याने नंबर ब्लॉक केला होता. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

त्यानंतर तुम्हाला बोलावलं. आमची अपेक्षा अशी की तुम्ही लॅबच्या सगळ्या लाइन जोडणारं टेलिफोनचं मशीन उघडाल, तारा तपासाल. तुम्ही खुर्ची ओढून बसलात आणि आमच्या प्रत्येक लाइनवरून स्वतःच्या मोबाइलवर फोन लावायला सांगितला. मग माझ्या मोबाइलवर, मग रिसेप्शनवरच्या ताईंच्या. दर वेळी काय दिसतं ते कागदावर लिहून घेतलंत. एका लाइनवर नुसता नंबर. एकीवर लॅबच्या डॉक्टरसाहेबांच्या वडिलांचं नाव, ज्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. सॅम्पल आणणाऱ्या मुलांच्या फोनवर त्यांची त्यांची नावं. आणि रिपोर्टच्या मोबाइलवर ते वसुलीवाल्यांचं. मी विचारलं, हे एकाच लॅबचे फोन, मग इतकी नावं कशी? तुम्ही म्हणालात, "मॅडम, फोनवर दिसते ते नाव दोन जागेहून येते. पहिले ते समजून घ्या, मंग दुरुस्तीचं पाहू."

त्या दोन जागा तुम्ही ज्या धीराने समजावल्यात तो धीर मला पुन्हा कुठे भेटलेला नाही. पहिली जागा म्हणजे ॲप. ट्रूकॉलरसारखं ॲप लोकांनी आपापल्या फोनमध्ये काय नाव साठवलं आणि कोणाला स्पॅम म्हणून कळवलं यावरून नाव ठरवतं. दुसरी जागा म्हणजे टेलिफोन कंपनीचं दप्तर, सिम घेताना भरलेल्या फॉर्मवरचं नाव. आमचा रिपोर्टचा नंबर नवा म्हणून घेतलेला, पण मोबाइल नंबर खऱ्या अर्थाने नवा क्वचितच असतो. कोणी सोडलेला नंबर किमान 90 दिवस पडून राहतो आणि मग दुसऱ्याला दिला जातो. आधीचा धनी कर्ज वसुलीचा असावा. तो गेला, त्याचं नाव लोकांच्या फोनमध्ये राहिलं आणि ते आमच्या माथी आलं. ॲपवर व्यवसायाची ओळख पटवून नाव दुरुस्त करायची सोय असते. ती तुम्ही त्याच संध्याकाळी करून दिलीत, पण तिथेच थांबला नाहीत.

त्याच सुमारास एक विक्रेता आमच्याकडे येऊन गेला होता. त्याचा तोडगा सोपा होता. दर काही तासांनी नंबर बदलत फोन करायचे, म्हणजे ब्लॉक होण्याआधी नवा नंबर हजर. वर आरोग्य तपासणीच्या पॅकेजची जाहिरातही त्याच फोनवरून करायची. कोटेशन पाहून तुमचा चेहरा उतरला हे मला आठवतं. ज्यांच्यामुळे लोक फोन उचलेनासे झाले त्यांचीच ही रीत आहे, असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत. जाहिरातीच्या फोनला 140 ने सुरू होणारे नंबर राखून ठेवलेले आहेत आणि त्यासाठी कंपनीकडे नोंदणी लागते. ज्याने 1909 वर आपली पसंती नोंदवून जाहिराती बंद करून घेतल्या आहेत त्याला असा फोन जायला नको. रिपोर्टच्या लाइनवर जाहिरात एकदा गेली की उद्या पोटॅशियमचा फोनही लोक जाहिरातच समजतील. तो कागद आम्ही परत केला. त्या विक्रेत्याऐवजी तुमच्याकडून तसंच काही घेतलं असतं तर तुम्हाला चार पैसे जास्त मिळाले असते, हेही आम्हाला कळतं.

बँकांसारखा 1600 चा नंबर आपल्याला मिळेल का, असं डॉक्टरसाहेबांनी विचारलं होतं. तो सध्या सरकारी कार्यालयं आणि बँका, विमा, शेअर बाजार अशा पैशाच्या संस्थांसाठी आहे, आपला रस्ता दुसरा, असं सांगून तुम्ही फॉर्मकडे वळलात.

इथून पुढचं काम रटाळ होतं आणि तेच खरं मोलाचं निघालं. फोन करणाऱ्याचं नाव कंपनीच्याच दप्तरातून दाखवायची सोय, जिला सीएनएपी म्हणतात, तिच्या शिफारशी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, 23 फेब्रुवारी 2024 ला दिल्या. सुरुवातीला विचार होता की ज्याला हवी त्याने ती मागून घ्यावी. ऑक्टोबर 2025 मध्ये ट्रायने दूरसंचार विभागाचं म्हणणं मान्य केलं: सोय सगळ्यांना आपोआप मिळावी, ज्याला नको त्याने बंद करून घ्यावी. फोन लागत असताना घेणाऱ्याची कंपनी करणाऱ्याच्या कंपनीकडे विचारणा करते, हा नंबर कोणाच्या नावावर, आणि तिथे जे लिहिलेलं असेल ते पडद्यावर येतं. म्हणजे उद्या ॲपवर आम्ही कितीही चांगले दिसलो तरी दप्तरात वडिलांचं नाव असेल तर वडिलांचंच दिसणार, आणि आमच्या पेशंटला ते कोण हे कळणार नाही. तुमचं वाक्य मी माझ्या टेबलावर लिहून ठेवलं आहे: "पहिले नाव वहीत येऊ द्या, मंग ते फोनवर येईन."

वहीत नाव आणायला कागद लागतात. त्याच शिफारशींत व्यवसायांना आपल्या पसंतीचं नाव दाखवायची मुभा सुचवली आहे, पण ते नाव ट्रेडमार्क म्हणून, जीएसटीत किंवा सरकारदरबारी दुसरीकडे कुठे रीतसर नोंदलेलं असावं. आमची अडचण अशी की रोगनिदानाच्या सेवेवर जीएसटी नाही, म्हणून आमच्याकडे ते सर्टिफिकेटच नव्हतं. तुम्ही गुमास्ता, म्हणजे दुकानाच्या नोंदणीचा कागद, मागवलात, छोट्या उद्योगांच्या नोंदणीचं उद्यम प्रमाणपत्र मागवलंत, आणि दोन्हींवरचं स्पेलिंग वेगळं आहे हे तुमच्या नजरेने टिपलं. एकावर लॅबोरेटरी, दुसऱ्यावर डायग्नोस्टिक. आधी ते एकसारखं करून घ्यायला लावलंत. मग सगळ्या लाइन लॅबच्या नावावर, व्यवसायाचं कनेक्शन म्हणून. मुलांचे स्वतःचे सिम कामातून सुटले आणि कुठल्याही टेबलावरून फोन केला तरी बाहेर एकच मुख्य, म्हणजे पायलट, नंबर दिसेल असं मशीनमध्ये बसवलंत. भर उन्हाळ्यात, दुपारी, कंपनीच्या काउंटरवर तुम्ही आमच्या फाइलसह रांगेत उभे होता. नागपूरचं मे महिन्यातलं ऊन काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको.

आणि एका गोष्टीसाठी तुमचे आभार मानायला मला शब्द पुरत नाहीत. आमच्या नोंदलेल्या पूर्ण नावात वंध्यत्व तपासणीचा उल्लेख होता. तेच नाव फोनवर आणायचं असं जवळजवळ ठरलंही होतं. तुम्ही थोडं थांबून विचारलंत, "ताईचा फोन सासूच्या हातात असला तर?" खोलीत कोणीच बोललं नाही. मी लॅबमध्ये इतकी वर्षं काम करते. एचआयव्हीची माहिती गुप्त ठेवायला 2017 चा कायदा आहे, ते आम्ही काटेकोर पाळतो. पण फोन नुसता वाजला तरी पडद्यावरचं नाव घरात काहीतरी सांगून जातं, हा विचार तुम्ही मांडलात, आणि तुमचा व्यवसाय तर टेलिफोनचा. आम्ही नोंदणीत छोटं, साधं नाव घेतलं. ज्यात कुठल्या आजाराचा, कुठल्या तपासणीचा पत्ता नाही. फोनवर बोलतानाही आता आधी समोर पेशंटच आहे याची खात्री करतो आणि मगच तपासणीचं नाव घेतो.

काटोल, नरखेड, भिवापूरकडच्या साध्या बटणाच्या फोनवर हे नाव दिसेलच असं नाही; ही सोय 4जी आणि 5जी साठी आखलेली आहे. त्यांच्यासाठी तुम्ही फोनच्या आधी मेसेज सुचवलात. नोंदलेल्या सहा अक्षरी हेडरवरून, म्हणजे नंबराच्या जागी दिसणाऱ्या पाठवणाऱ्याच्या नावावरून, शेवटी सेवेचं एस अक्षर येतं तो. पावतीवर ठळक अक्षरांत आमचा नंबर छापून घेतला आणि सॅम्पल देतानाच तो फोनमध्ये साठवून द्यायची सवय आमच्या मुलांना लावली. हे शेवटचं काम सर्वांत स्वस्त पडलं, आणि म्हाताऱ्या माणसांना त्याचाच जास्त उपयोग होतो आहे.

तुम्ही आम्हाला खोटी खात्री दिली नाहीत, याबद्दलही आभार. पडद्यावर नाव आलं म्हणजे बोलणारा माणूस प्रामाणिक झाला असं नाही. ते नाव फक्त सिम कोणाच्या नावावर आहे तेवढं सांगतं, हे तुम्ही आमच्या सगळ्या स्टाफला बसवून सांगितलंत. म्हणून आमच्या काउंटरवर पाटी आहे: ही लॅब फोनवर ओटीपी मागत नाही, पैसे मागत नाही. कोणी आमच्या नावाने मागितले तर संचार साथी या सरकारी पोर्टलवर चक्षू या तक्रारीच्या सोयीत कळवा, पैसे गेलेच असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन करा. मजकूर तुमचा, अक्षर रिसेप्शनच्या ताईंचं.

आता नोंदवहीत त्या शेऱ्याची पानं कमी झाली आहेत. सगळ्यांच्या फोनवर नाव अजून दिसत नाही, कोणी आजही कट करतं. पण परवा सावनेरच्या एका बाईंनी पहिल्या घंटेला फोन घेतला आणि मी काही बोलायच्या आत विचारलं, "लॅबमधून ना? माझ्या पोराच्या प्लेटलेट किती?" त्या मुलाला त्याच रात्री भरती केलं. तो आता घरी आहे.

तुम्ही बिलात फक्त मशीनचं काम लावलं आहे. काउंटरवरच्या फेऱ्या, कागदांची जुळवाजुळव, स्टाफची शिकवणी यांचा त्यात कुठेच उल्लेख नाही. डॉक्टरसाहेबांनी सांगितलं आहे की ते सगळं लिहून नवीन बिल द्या, आणि आम्ही ते घेतल्याशिवाय राहणार नाही.

महालातल्या आमच्या कलेक्शन सेंटरची लाइन अजून जुन्या भाडेकरूच्या नावावर आहे. गुमास्ता, उद्यम, भाडेकरार, डॉक्टरसाहेबांच्या सहीचं पत्र, सगळं फाइलला लावून ठेवलं आहे. स्पेलिंग मी स्वतः तपासलं. सोमवारी सकाळी अकरापर्यंत सॅम्पलची गर्दी असते, त्यानंतर केव्हाही या.

आपली,
व्यवस्थापिका, पॅथॉलॉजी लॅब
धंतोली, नागपूर