आशाताई, तुम्ही रजिस्टर मिटलंत म्हणून

आशाताई, सप्रेम नमस्कार.

पेठ तालुक्यात आशा कार्यकर्ती म्हणून तुम्ही फिरता त्या पाड्यावरच्या एका घरातली सून नैराश्यातून सावरून आता पुन्हा चुलीपुढे बसून भाकरी थापते. तिचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हालाही ते आवडणार नाही. आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण तिची हेळसांडही चारचौघांतच झाली.

तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो तपासणी फॉर्म तुम्ही भरता, त्यात तंबाखू, दारू, कमरेचा घेर, खोकला असं सगळं झाल्यावर शेवटी मनाचे दोन प्रश्न येतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का, आणि उदास, हताश वाटलं का. अजिबात नाही म्हटलं तर ०, जवळपास रोज म्हटलं तर ३. बेरीज ३ च्या वर गेली की समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवायचं. प्रश्न चांगलेच आहेत. पण ओटीवर सासू, शेजारीण आणि पोरं बसलेली असताना खरं कोण सांगणार? गावंच्या गावं शून्यावर निघतात. हिचाही आधीचा फॉर्म शून्याचाच होता.

तुम्ही रजिस्टर मिटलंत, पेन पिशवीत टाकलंत आणि म्हणालात, "चल, पाण्याला येते तुझ्यासंगं." विहिरीच्या वाटेवर आधी झोपेचं विचारलंत, मग जेवणाचं, आणि मग न कचरता विचारलंत, "मरावंसं वाटतं का?" हे विचारलं की नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही भीती भल्याभल्या शिकलेल्यांना असते. तसं होत नाही, उलट माणूस मोकळा होतो. ती 'हो' म्हणाली. त्याच संध्याकाळी फवारणीच्या औषधाचा डबा तुम्ही तिच्या नवऱ्याला घरातून हलवायला लावलात.

त्याआधी एका दवाखान्यात तिला सलाईन लावून, बी कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन देऊन 'टेन्शन घेऊ नका' एवढाच सल्ला मिळाला होता. पैसे मात्र चोख घेतले. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, उपचाराचा हक्क देणारा कायदा २०१७ चा. नाशिकहून पेठला येतानाचा सावळघाट ओलांडायला दोघांनाही वेळ लागतोय, असं दिसतं.

मग तिला नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्यांनी पहिल्या आठवड्यात अनेकांना मळमळ होते, डोकं दुखतं, आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. उपचार सुटतात ते बहुधा याच मधल्या काळात. तुम्ही हे घरच्यांना आधीच सांगून ठेवलंत, आणि बरं वाटलं तरी पुढे सहा महिने तरी गोळी बंद करायची नाही, हेही. भगताकडे जायला अडवलं नाहीत. "त्याचं तो करू दे, गोळी चुकवायची नाही," इतकंच. भगताशी भांडणारे कार्यकर्ते आम्ही पुष्कळ पाहिलेत. वादात ते जिंकतात आणि रुग्ण हातचा जातो. भली माणसं आपल्याकडे कमी नाहीत, पण भलेपणाला अशी अक्कल जोडलेली क्वचित भेटते.

रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतूनही. पाड्यावर रेंज नसते, तर ती कुठल्या टेकाडावर मिळते तेही तुम्ही नवऱ्याला दाखवून ठेवलंत. या कशाचाच तुम्हाला वेगळा मोबदला नाही, हे ठाऊक आहे.

दिवाळीनंतर हे कुटुंब निफाडकडे द्राक्षबागेच्या कामाला जाईल ते होळीलाच परतेल. गोळ्या नेमक्या तिथे तुटतात. सोबत महिन्याभराच्याच द्यायच्या, त्याही नवऱ्याच्या ताब्यात. अशा रुग्णाच्या हाती मोठा साठा नको. पुढच्या गोळ्या तिकडच्या आरोग्य केंद्रातून घ्याव्या लागतील, त्यासाठी केसपेपरची झेरॉक्स त्यांच्याजवळ हवी. तिकडच्या आशाताईंना गाठून कल्पना द्यायचं काम आमच्याकडे द्या. बाकी सगळं तुम्हीच केलंत.

आपले कृतज्ञ,
मनोरुग्णांच्या कुटुंबांसोबत काम करणारे आम्ही काही जण, नाशिक