७४ वर्षांच्या आईसाठी गार्डियनची सही कुठून आणू?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत तुम्ही विसरलेल्या पैशांवर अर्धं पान दिलंत. मी ते दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना माझं डोकंच फिरलं. "पाच मिनिटांत घरबसल्या मिळवा तुमचे पैसे" असं हेडिंग आहे. मिळवा नाही हो, शोधा म्हणा. शोधायला पाच मिनिटं लागतात हे मला मान्य आहे, पण मिळवायला आम्ही मायलेकी दिवाळीच्या आधीपासून हेलपाटे घालतोय आणि अजून एक रुपया हातात आलेला नाही.

गेल्या वर्षी मामाचं जुनं घर पाडलं, तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या कागदांत एक पासबुक सापडलं. ते १९६५ साली काढलेलं, आई तेव्हा १४ वर्षांची. वर तिचं माहेरचं नाव आणि खाली अ.पा.क., म्हणजे अज्ञान मुलीचे पालनकर्ते, म्हणून आजोबांचं. भुईमुगाचे पैसे आले की ते दरवर्षी दिवाळीच्या आसपास तिच्या नावावर थोडेथोडे टाकायचे, कधी २५, कधी ४०, एका वर्षी १००. तिचं लग्न १९७१ला झालं तरी टाकायचे थांबले नाहीत, शेवटची नोंद १९८३ची आहे. पुढच्या वर्षी ते गेले. आईला याचा पत्ताच नव्हता. पासबुक हातात घेऊन ती कितीतरी वेळ एकेक तारीख वाचत बसली होती, कुठल्या वर्षी दुष्काळ होता, कुठल्या वर्षी बैल घेतला, सगळं तिला त्यातनं आठवत होतं.

तुमच्या लेखात सांगितलेल्याच उद्गम पोर्टलवर, म्हणजे बँकांतल्या विसरलेल्या ठेवी शोधायच्या रिझर्व्ह बँकेच्या साइटवर, मी दिवाळीच्या आधीच गेले होते. आईचं आधारवरचं नाव टाकलं, काही नाही. स्पेलिंग बदलून बघितलं तरी काही नाही. तिसऱ्या दिवशी डोक्यात आलं की खातं माहेरच्या नावाने आहे. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवऱ्यामुलीचं नवीन नाव लिहायचे, आईचं तर आडनावासकट पहिलं नावसुद्धा बदललं. मग माहेरचं पूर्ण नाव आणि शाळेत मास्तरांनी लावलेली १ जून ही जन्मतारीख टाकली आणि एका मिनिटात खातं समोर आलं. तुमच्या अर्ध्या पानात ही एक ओळ असायला हवी होती, की बायकांनो, आधी माहेरच्या नावाने शोधा. महाराष्ट्रातल्या साठीपुढच्या निम्म्या बायकांचं नाव लग्नात बदललेलं असेल, त्यांची मुलं आताचं नाव टाकतात, काही दिसत नाही, आणि पैसे नाहीतच असं धरून सोडून देतात.

पोर्टलवर फक्त खात्याचा एक नंबर मिळतो, त्याला यूडीआरएन म्हणतात. रक्कम कळत नाही आणि क्लेम तिथे करता येत नाही, त्यासाठी बँकेतच जावं लागतं. आम्ही गेलो. आईचे गुडघे दुखतात, शाखेला ११ पायऱ्या आहेत, मी मुद्दाम मोजल्या.

पहिल्या खेपेला काउंटरवरून सांगितलं की पैसे आता रिझर्व्ह बँकेकडे गेले, आमच्याकडे काही नाही. आम्ही परत आलो. घरी येऊन नियम वाचला तर खातं दहा वर्षं वापरलं नाही की पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदारांच्या फंडात जातात हे खरं, २०१४ पासून तसं आहे, पण ग्राहकाला पैसे आधी बँकेनेच द्यायचे आणि मग फंडातून मागून घ्यायचे. क्लेमला मुदतसुद्धा नाही. म्हणजे जे कारण देऊन आम्हाला परत पाठवलं ते कारणच चुकीचं होतं, आणि असे किती जण रोज परत जात असतील.

दुसऱ्या खेपेला नाव वेगळं म्हणून गॅझेट मागितलं. १९७१ साली खेड्यातल्या मुलीचं लग्नातलं नाव गॅझेटात कोण छापत होतं? आम्ही आईचा शाळा सोडल्याचा दाखला नेला होता, पाचशेच्या स्टॅम्पवर केलेलं प्रतिज्ञापत्र नेलं होतं आणि चक्क लग्नपत्रिकासुद्धा नेली होती, तिच्यात चि. सौ. कां. म्हणून माहेरचं नाव आणि शेजारी माझ्या वडिलांचं पूर्ण नाव छापलंय, तेच नाव आईच्या आधारवर आहे. पत्रिका कुणी उघडूनही बघितली नाही.

आणि तिसऱ्या खेपेला काय झालं ते सांगण्यासाठीच हे पत्र लिहितेय. तिथल्या माणसाने कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, हे मायनर खातं आहे, यावर गार्डियनची सही लागेल, गार्डियनला घेऊन या. आई काउंटरची कड धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, "दादा, माझे वडील ८४ सालीच गेले." त्यावर तो म्हणाला, मग त्यांचा मृत्यूचा दाखला आणा. ७४ वर्षांची बाई समोर उभी आहे, तिच्या केसांकडे बघा, ती अज्ञान आहे का? खातेदार सज्ञान झाला की त्याची नवीन सही आणि केवायसी घ्यायचं एवढंच काम आहे, ते करायचं सोडून तिला बाप आणायला सांगतात. परत येताना एसटीत ती एक शब्द बोलली नाही.

रक्कम काही फार नसेल हे आम्हाला माहीत आहे. फंडातल्या पैशावर व्याजसुद्धा आता ३ टक्केच मिळतं. पण ते तिच्या वडिलांनी पोटाला चिमटा काढून तिच्यासाठी ठेवलेले पैसे आहेत आणि ते तिला तिच्या हयातीत तिच्या हातात मिळायला हवेत.

१.८४ लाख कोटी पडून आहेत हा आकडा तुम्ही मोठ्या टायपात छापलात, ऑक्टोबर २०२५ मध्ये अर्थमंत्र्यांनी गांधीनगरला मोहीम सुरू केली त्याचा फोटो छापलात, सगळं ठीक. पण "सगळे विसरलेले पैसे एकाच ठिकाणी" हे वाक्य चुकलंय, ते कृपया दुरुस्त करा. उद्गमवर फक्त बँकांच्या ठेवी आहेत. विम्याचे पैसे बीमा भरोसा पोर्टलवर, म्युच्युअल फंड 'मित्र' नावाच्या पोर्टलवर, जुने शेअर आणि डिव्हिडंड आयईपीएफ या सरकारी फंडाकडे, पीएफ त्याच्या ऑफिसकडे. पोस्टाची खाती उद्गमवर दिसत नाहीत, त्यासाठी पोस्टातच जायचं. आणि आमच्या भागात बायकांची बचत असते ती पतसंस्थेत, ती तर यातल्या कुठल्याच पोर्टलवर सापडणार नाही. ज्यांनी तुमचं वाचून शोधलं आणि नाव आलं नाही ते आता गप्प बसतील.

अजून एक. पोर्टलचा पत्ता छापताना तुमची ओळ तुटली आणि मधे एक डॅश घुसला. आमच्या शेजारच्या काकांनी तो तसाच टाकला, मग गूगलवर शोधलं आणि भलत्याच साइटवर जाऊन पॅन आणि मोबाइल नंबर देऊन बसले. दुपारी फोन आला, तुमचे पैसे काढून देतो, आधी फी भरा. नशीब त्यांनी मला विचारलं. पत्ता उद्गम डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन असा आहे, शोधायला एक पैसा लागत नाही. हे उद्याच पहिल्या पानावर छापा, आतल्या पानावरच्या खुलाशासारखं बारीक टायपात नको, ज्यांचे पैसे अडकलेत त्यांना चष्म्यानेसुद्धा तेवढं बारीक दिसत नाही.

आम्ही शुक्रवारी लेखी अर्ज दिलाय, सगळे कागद जोडलेत, लग्नपत्रिकेची झेरॉक्ससुद्धा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतलीय. पोच द्यायला अर्धा तास लावला पण दिली. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार आहे, आईलाही सोबत नेणार आहे, ती म्हणतेय मी येते.

आपली,
एक नियमित वाचक, जि. सातारा