दुरुस्ती होते, दोष तसाच राहतो

महोदय,

वॉरंटीतील मोटारीत तोच दोष पुन्हा पुन्हा उद्भवावा आणि अधिकृत सेवा केंद्राने दर वेळी ‘सॉफ्टवेअर अपडेट केले आहे, आता त्रास होणार नाही’ असे सांगून ती परत करावी, हा अनुभव मी बराच काळ घेत आहे. चढावर गिअर बदलताना गाडी झटके देते, इंजिनाचा इशारा देणारा दिवा लागतो. केंद्रात मात्र स्कॅनर लावून गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा कोड पुसला जातो आणि जॉब कार्डावर, म्हणजे केंद्राच्या कामाच्या नोंदपत्रावर, माझ्या तक्रारीऐवजी ‘सर्वसाधारण तपासणी’ एवढेच लिहिले जाते. मला हेच सर्वांत गंभीर वाटते, कारण ग्राहक आयोगात जायचे झाल्यास तीच नोंद पुरावा म्हणून पाहिली जाते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. परंतु उत्पादनातील दोष सिद्ध करण्यासाठी बहुधा तज्ज्ञाचा अहवाल लागतो आणि तो मिळवण्याचा भार ग्राहकावरच पडतो. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्येच कायदा करून, वाजवी प्रयत्नांनंतरही दुरुस्त न होणारी नवी गाडी बदलून देण्याची किंवा तिचे पैसे परत करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. आपल्याकडे अशी स्पष्ट तरतूद हवीच. तोपर्यंत निदान तक्रार ग्राहकाच्याच शब्दांत नोंदवणे आणि स्कॅनरच्या अहवालाची प्रत त्याला देणे शासनाने सेवा केंद्रांना बंधनकारक करावे.

– एक वाहनमालक, नाशिक