कात्री पुस्तकांवरच का पडते

चि. गार्गी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. ग्रंथालयांचा निधी जेमतेम ५ टक्क्यांनी घटला, मग त्यांच्याकडून तुझ्या पुस्तक-पुरवठ्याच्या धंद्याला येणाऱ्या ऑर्डरी निम्म्यावर कशा आल्या, असं तू विचारलं आहेस. कुणी दुसरा पुरवठादार जास्त सूट देऊन मध्ये घुसला असेल, ही तुझी शंका. असेलही. पण आधी कागद घे आणि हिशोब मांड.

ग्रंथालयाच्या वर्षाच्या खर्चाचे १०० भाग धर. पगार, जागा, वीज, संगणक, विमा यांत ८८ गेले. पुस्तकं, मासिकं, डीव्हीडी, ई-बुकं या सगळ्यांना मिळून १२ उरले. (अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांत संग्रहावरचा खर्च असाच, दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो.) आता वरून ५ भाग कापले. कायम नोकरीतली माणसं एका महिन्यात कमी करता येत नाहीत, भाड्याचा करार मोडता येत नाही. मग पाचही भाग त्या बारांतून जातात आणि हातात ७ राहतात. वर ५ टक्के म्हणून निघालेली कपात तुझ्या टेबलावर येईपर्यंत ४० टक्क्यांच्या पुढे गेलेली असते. शिवाय शाखा बंद करायची म्हटलं की लोक निवेदनं घेऊन येतात. नवी पुस्तकं घेतली नाहीत तर वर्षभर कुणाच्या लक्षातही येत नाही. अर्थसंकल्प करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

हा पैसा गेला तर एवढं का बोचतं, तेही सांगते. दुकानदार न खपलेल्या प्रती परत पाठवतो. ग्रंथालयाने घेतलं ते घेतलं. प्रकाशक कवितासंग्रह, अनुवाद किंवा एखादा जाडजूड संदर्भग्रंथ काढतो तेव्हा ग्रंथालयांच्या पक्क्या प्रती मनात धरूनच आवृत्तीचा आकडा ठरवतो. त्या गळाल्या की आवृत्ती लहान होते, प्रतीमागचा खर्च चढतो, किंमत वाढते आणि ग्रंथालय आणखी कमी घेतं. गाजलेल्या पुस्तकांना मात्र याची झळ कमी लागते. वाचकांची प्रतीक्षायादी समोर असते, तेव्हा उरलेल्या पैशांत ग्रंथपाल आधी त्याच प्रती घेतो. त्यामुळे ज्यांच्या यादीत मोठ्या नावांखेरीज बरंच काही असतं, त्या पुरवठादारांना मार जास्त बसतो. तुझी यादी तशीच आहे आणि मला ती तशीच आवडते.

आता तुझ्या गोदामाकडे बघ. ग्रंथालयाला नुसतं पुस्तक पाठवून भागत नाही. आवरण घालायचं, पाठीवर वर्गांकाची चिठ्ठी लावायची, बारकोड चिकटवायचा, तालिकेतली (कॅटलॉगमधली) नोंद तयार करून द्यायची, म्हणजे खोका उघडला की पुस्तक थेट कपाटात. या कामाला शिकलेली माणसं लागतात. ऑर्डरी निम्म्या झाल्या म्हणून तालिकेची नोंद करणाऱ्या बाईंचा पगार निम्मा होत नाही. त्यातून कपातीच्या वर्षी ग्रंथालयाने स्वतःची माणसं कमी केली, तर तीच कामं तुझ्याकडे सरकवतात, सूट मात्र पहिल्याइतकीच मागतात. मला या धंद्यात सगळ्यात जास्त राग याचाच यायचा. समोरचा ग्रंथपाल वाईट नसतो, तोही अडकलेला असतो. तरी त्या कामाचे पैसे बिलात वेगळे दाखवायला शीक.

खरी गोची आहे ती तारखांची. वर्षाच्या मध्येच खरेदी गोठवल्याचं पत्र येतं. तोवर तू प्रकाशकाकडून माल उचललेला असतो, त्याच्या उधारीची मुदत चालू झालेली असते आणि ग्रंथालयाचं बिल मंजुरीत अडकलेलं असतं. वहीत नफा दिसत असतानाही पुरवठादार बुडतो तो इथे.

डीव्हीडी आणि ऑडिओबुकांचं तू वेगळं विचारलं आहेस. डीव्हीडीचं फार बोलण्यासारखं उरलेलं नाही, ग्रंथालयं मात्र अजून घेतात. ई-बुकांचं आणि ऑनलाइन ऑडिओबुकांचं गणित निराळं आहे. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या मोठ्या प्रकाशकाने ग्रंथालयांना ई-बुक २६ वेळा उसनं देण्यापुरताच परवाना द्यायला सुरुवात केली. इतर काही प्रकाशक ठरावीक मुदतीचे परवाने देतात. म्हणजे कपातीच्या वर्षी काही नवं घेतलं नाही तरी छापील पुस्तक कपाटात राहतं, ई-बुक मात्र परवाना संपला की जातं. हूपलासारख्या, ग्रंथालयांमार्फत ई-बुकं नि ऑडिओबुकं उसनी देणाऱ्या ऑनलाइन सेवेत तर ग्रंथालयाला दर उसनवारीला पैसे मोजावे लागतात, वाचक वाढले की बिल वाढतं. साहजिकच पैसे कमी पडले की ग्रंथालय आधी वाचकामागची महिन्याच्या उसनवारीची मर्यादा घटवतं, मग सेवाच बंद करतं. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत ग्रंथालयांना निधी देणाऱ्या केंद्रीय संस्थेवर राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने गदा आली, आणि त्याच महिन्यात मिसिसिपीच्या ग्रंथालय आयोगाने हूपला थांबवलं. २१ राज्यं या आदेशाविरुद्ध कोर्टात गेली ती पुढच्या महिन्यात. छापील मालाची ऑर्डर थांबायला निदान काही आठवडे जातात.

बेकर अँड टेलर बंद झाल्याचं तू लिहिलंस. १८२८ पासूनची कंपनी, अमेरिकेतल्या कित्येक ग्रंथालयांची मुख्य पुरवठादार, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिने गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. याचा सगळा दोष कपातीला देऊ नकोस. २०२२ मध्ये सायबर हल्ल्याने त्यांचं काम ठप्प झालं होतं, आणि शेवटी रीडरलिंक या पुस्तक-वितरक कंपनीशी चाललेला विक्रीचा व्यवहारही फिसकटला. ब्रिटनमध्ये बर्ट्रम्स ही पुस्तकांची घाऊक पुरवठादार कंपनी २०२० च्या जूनमध्ये बुडाली, तिथेही कारण एकच नव्हतं. पण गिऱ्हाइकाचे पैसे आटत असतात तेव्हा असले धक्के सोसायची ताकद उरत नाही, एवढं नक्की. बेकर अँड टेलरकडे अडकलेल्या ऑर्डरी ग्रंथालयांना दुसरीकडे नव्याने द्याव्या लागल्या आणि उरलेल्या पुरवठादारांकडे एकदम नवी खाती आली. तुझ्याकडेही एखाद्या दिवशी अशी रांग लागेल. तेव्हा हुरळून सगळ्यांना उधारी देऊ नकोस.

सध्या एवढं कर. प्रत्येक मोठ्या ग्रंथालयाला फोन करून विचार, दिलेल्या ऑर्डरीचे पैसे त्यांनी बाजूला राखून ठेवले आहेत, की ऑर्डर नुसती तोंडी इच्छा आहे. ज्यांनी राखलेले नाहीत त्यांच्यासाठी प्रकाशकाकडून माल उचलू नकोस, गिऱ्हाईक कितीही जुनं असलं तरी. मग थकबाकीची यादी मला पाठव. रकमेप्रमाणे लावू नकोस, सर्वांत जुनं बिल वर ठेव. रविवारी दोघी मिळून बघू.

तुझी,
आई