अमळनेरच्या मिस्त्री नानांना जाहीर आभारपत्र

नाना, राम राम.

फोनवर आभार मानले असते तर तुम्ही "ठीक शे" म्हणून ठेवून दिला असता. म्हणून चारचौघांत लिहितोय.

आमची जुनी, कार्बोरेटरवाली मारुती आठशे डिसेंबर लागला की सकाळी अडून बसायची. दुपारी मात्र अर्ध्या सेल्फला चालू. गॅरेज उघडणार दहाला, तोवर ऊन वर. ज्यांनी पाहिली त्यांना ती शहाणीच दिसली; एकाने नवी बॅटरी घ्यायला लावली, दुसऱ्याने प्लग. तुम्ही विचारलंत, "थंडी गाडी कोणी पाहिली का?" आणि उजाडायच्या आत मफलर गुंडाळून दारात उभे राहिलात. खरे आभार याचेच आहेत. सकाळचं दुखणं सकाळीच पाहायचं, हे बाकी कोणाला सुचलं नव्हतं.

तुम्ही आधी किल्लीला हात लावू दिला नाही. कार्बोरेटरच्या फ्लोटच्या, म्हणजे पेट्रोल साठतं त्या वाटीच्या, काचेवर टॉर्च मारली: आत थेंब नाही. मग सेल्फ मारायला लावला आणि मीटर धरलं. बंद गाडीत 12.6 व्होल्ट, सेल्फच्या वेळी 10 च्या वर. म्हणजे बॅटरी निर्दोष. प्लग काढला तर कोरडा ठणठणीत, म्हणजे पेट्रोल पोचतच नव्हतं. ओला निघाला असता तर ठिणगीकडे वळलो असतो, असं तुम्ही सांगितलंत. मी तरी चोकचीच, म्हणजे थंड इंजिनासाठी हवा अडवणाऱ्या झडपेचीच, चिंता करत होतो, त्यावर तुमचं उत्तर घरात अजून चालतं: "पेट्रोलच चढत नही, चोक वढीसन काय व्हई?"

टाकी मागे, पंप पुढे, आणि मधल्या रबरी पाइपाला क्लिपजवळ बारीक चीर. तिथून हवा शिरायची आणि रात्रीतून पेट्रोल टाकीकडे परतायचं. विहिरीच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह गळाला की पाइप रिकामा होतो, अगदी तसंच. शिवाय फ्लोटमधलं उरलंसुरलं उडून गेलेलं. मग सकाळी पंपाने सगळं नव्याने ओढायचं, तेही सेल्फच्या संथ फेऱ्यांवर. दुपारी पाइप भरलेला, इंजिन कोमट; कोणाला काय दिसणार?

तुम्ही आणायला सांगितलात तो इथेनॉल सोसणारा पाइप. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुनं रबर त्याने लवकर खराब होतं, शिवाय इथेनॉल थंडीत पेट्रोलइतकं सहज वाफ होत नाही. गाड्या बदलणाऱ्यांना हे कळायची गरज नाही, आपल्यासारख्यांना आहे.

चोकचंही निघालं थोडं. बटण पूर्ण बाहेर यायचं, पण केबल क्लॅम्पमध्ये सरकल्याने झडप अर्धवटच मिटायची. ते तुम्ही एअर फिल्टरचं झाकण काढून मलाच बघायला लावलंत. आता चोक पूर्ण ओढतो, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारत नाही, इंजिन धरलं की चोक हळूहळू आत. धुळ्याला निघायला उशीर होत नाही.

पाइप आणि क्लिपांचेच पैसे घेतलेत, मजुरीचं नाव काढू दिलं नाहीत. ते चालणार नाही. भरिताची वांगी आणली आहेत, कळण्याच्या भाकरी घरी होतील. रविवारी काकूंना घेऊन या. न्यायला गाडी पाठवतो, सकाळीच.

तुमचा,
आठशेवाला