नाव दमयंतीच ठेवा

नागपूर,
डिसेंबरचा दुसरा आठवडा

प्रिय सुधा,

आजी झालीस, अभिनंदन! तुझा व्हॉट्सअॅपवरचा लांबलचक निरोप वाचून तिथेच उत्तर लिहायला बसले होते. पण अंगठ्याने एवढं टाईप करणं माझ्याने होत नाही, म्हणून सरळ कागद घेतला. बाहेर अधिवेशनाची गडबड आहे, बर्डीकडचे रस्ते मोर्च्यांनी अडलेत. घराबाहेर पडायचं कारणच नाही, तेव्हा पत्र लांबणार.

सुनेला ‘दमयंती’ नाव आवडलंय, मुलगा तिच्या बाजूने आहे आणि तू मात्र ‘मंगल, तूच समजाव तिला’ म्हणतेस. तुझे आक्षेप दोन. एक, नाव फार जुनं, पोरीला वर्गात चिडवतील. दुसरा, त्या बाईने वनवास भोगला, असं नाव लेकराला कशाला द्यायचं. मी तुझ्या सुनेच्या पक्षात आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तू ठरव.

आधी जुनेपणाचं बघू. तुला माहीतच आहे, माझी सगळी नोकरी शाळेच्या ऑफिसात दाखल-खारीज रजिस्टर भरण्यात गेली. दाखल्याची दुसरी प्रत मागायला लोक यायचे आणि त्यासाठी पार जुनी, कडा कुरतडलेली रजिस्टरं काढावी लागायची. पानं उलटता उलटता मुलींच्या नावांचा मला छंदच लागला. सगळ्यात जुन्या पानांवर गंगा, यमुना, गोदावरी, भागीरथी, सगळ्या नद्या वाहताहेत. त्यांच्या मागून शकुंतला, सुभद्रा, दमयंती येतात. किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ १८८० चं आणि ‘सौभद्र’ १८८२ चं. ज्या पिढीने ती पदं गुणगुणली, तिने घरात पुराणातल्या नायिका आणल्या, असं माझं मत. मग कुसुम, मालती, नलिनी, सुमन असा फुलांचा मळा. त्यानंतर आपण, म्हणजे सुधा, मंगल, शोभा, शैला. वर्गात एकाच नावाच्या इतक्या मुली की बाई आडनावानेच हाक मारायच्या. पुढे वैशाली आणि अश्विनी, आणि शेवटी मी निवृत्त व्हायच्या सुमारास रिया, सिया, इरा. हाक सुरू करावी तोवर संपतेच.

दमयंती या सगळ्यात कधीच फार नव्हती. शकुंतलेच्या मानाने तर अगदी तुरळक. फुलांची लाट आली तशी तीही गेली, आणि माझ्या नोकरीत नव्याने दाखल झालेली दमयंती मी पाहिल्याचं मला आठवत नाही.

नागपूरच्या रजिस्टरात आणखी एक वळण दिसतं, ते पुण्याच्या शाळेत इतकं ठळक दिसणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दीक्षा दिली आणि त्यानंतरच्या वर्षांत इथल्या वस्त्यांमधून सुजाता, विशाखा, यशोधरा, संघमित्रा, आम्रपाली, प्रज्ञा, करुणा अशी नावं शाळेत यायला लागली. आईचं नाव भागीरथी आणि मुलीचं संघमित्रा. एका पिढीत लोकांनी अख्खं पुराण मागे ठेवलं. आपल्या वर्गातली यशोधरा आठवते ना? तिचं नाव तेव्हा आपल्याला किती नवं वाटलं होतं! खरं तर ते सिद्धार्थाच्या बायकोचं, म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीतलं. तेव्हा नाव जुनं की नवं हे ते किती वर्षांचं आहे यावर ठरत नाही, शेजारी कोणाकोणाचं आहे यावर ठरतं. तुझ्या नातीच्या वर्गात अनया आणि आर्या ढिगाने असतील. दमयंती एकटीच असेल. चिडवायला सुद्धा पोरांना आधी नाव पाठ करावं लागेल!

आणि जुनं म्हणतेस ते तरी कोणाला? आमच्या इतवारीत गुजराती व्यापाऱ्यांच्या घरांत आपल्या वयाच्या दमयंतीबेन अजून भेटतात. त्यांच्याकडे सतराव्या शतकात प्रेमानंद कवीने ‘नळाख्यान’ रचलं आणि ते घरोघरी गायलं गेलं. आपल्याकडेही रघुनाथ पंडितांनी तेच आख्यान केलं, ते शाळेच्या पुस्तकांतून पाठ करून घेतलं गेलं. निषधाच्या नळराजाने पकडलेला हंस कसा गयावया करतो, घरी म्हातारी आई आहे, बायको नुकती बाळंत झाली आहे. माझे बाबा ते म्हणायचे तेव्हा माझे डोळे भरून यायचे. पण गंमत बघ, आपल्या ध्यानात हंस राहिला आणि दमयंती निसटली.

आता ती आहे कोण? बाई, ती आपली आहे! विदर्भाचा राजा भीम (पांडवांचा नव्हे), त्याला मूल नव्हतं. दमन नावाच्या ऋषीचा पाहुणचार केला, त्याने वर दिला, आणि त्याच्याच नावावरून मुलांची नावं दम, दांत, दमन आणि मुलीचं दमयंती. म्हणजे घरात चार ‘दम’. नावाचा सरळ अर्थ दमन करणारी, काबूत आणणारी. बाराव्या शतकातल्या श्रीहर्षाने ‘नैषधीयचरिता’त त्यावर हौसेने कोटी केली आहे. त्याचा हंस नळाला सांगतो की तिन्ही लोकांतल्या सुंदरींचा रूपाचा तोरा हिने उतरवला, म्हणून ही दमयंती. मला मूळचा अर्थच आवडतो, त्याला सौंदर्याची पुरवणी लागत नाही.

राजधानी कुंडिनपूर. म्हणजे परंपरेने तिवसा तालुक्यातलं, वर्धेच्या काठचं कौंडण्यपूर. तेच रुक्मिणीचंही माहेर. रुक्मिणीची पालखी तिथून दर आषाढीला पंढरपूरला जाते. दमयंतीच्या नावाची दिंडी मी तरी ऐकली नाही. रुक्मिणीची रखुमाई झाली, विठोबाशेजारी उभी राहिली, मुलींनी लग्न जमावं म्हणून नाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’ची पारायणं केली. तिचं नाव मोडणं शक्यच नव्हतं. विदर्भाच्या बाकीच्या पोट्ट्या मात्र पोथीतच राहिल्या. अगस्त्याची लोपामुद्रा आपली, अजराजाची इंदुमती आपली. सगळ्या बाहेर दिल्या बाप्पा! कोणी द्वारकेला, कोणी अयोध्येला, कोणी निषधाला, आणि एक सुधा कोथरुडला.

आता वनवासाचं. तुझ्या मनातली खरी भीती हीच आहे, आणि तू एकटीच नाहीस. सीता नाव ठेवू नये म्हणणारे लोक आहेतच, पण तेच लोक जानकी, वैदेही, मैथिली आनंदाने ठेवतात. जणू नशीब फक्त हजेरीपटावरचं नाव बघून येतं! पण ते सोड. मी महाभारताच्या वनपर्वातली नलोपाख्यानाची मूळ गोष्ट परत वाचली. युधिष्ठिर अरण्यात रडत बसलाय, माझ्यासारखा दुर्दैवी कोणी झाला का विचारतोय, तेव्हा बृहदश्व मुनी त्याला ही गोष्ट सांगतात. मी वाचत गेले तसं मला वाटू लागलं की आपल्याला ही गोष्ट उलटी सांगितली गेली. नळ जुगारात हरतो, झोपलेल्या बायकोचं अर्धं वस्त्र कापून नेतो, तिला रानात टाकतो. इथवर आपल्याला पाठ आहे. पण त्या बाईने काय काय केलं ते बघ.

स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण, यम चौघंही नळाचं रूप घेऊन बसलेले. ती आपल्या सत्याची शपथ घालून त्यांनाच खूण दाखवायला लावते. मग देव कळतात. त्यांना घाम नाही, पापणी लवत नाही, माळा कोमेजलेल्या नाहीत, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. घाम आलेला, धूळ लागलेला, सावली पडणारा तो तिने निवडला. पुढे नवरा फाशांपुढून उठेना, तेव्हा मंत्र्यांचं त्याने ऐकलं नाही, तिचंही नाही. हिने पुढचं ओळखलं, सारथ्याला बोलावलं आणि दोन्ही मुलं रथात घालून कुंडिनपूरला माहेरी पाठवून दिली. राज्य जायच्या आधी! किती बायकांना हे सुचतं, सांग.

एकटी पडल्यावर अजगराच्या तावडीत सापडली, सोडवायला आलेल्या व्याधाने लगट केली तेव्हा त्याला शाप देऊन जागीच गतप्राण केलं. व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर चेदीला गेली, राणीकडे दासी म्हणून राहिली, पण अटी घालून. कोणाचं उष्टं खाणार नाही, कोणाचे पाय धुणार नाही, परपुरुषांशी बोलणार नाही. माहेरी परत आल्यावर देशोदेशी ब्राह्मण पाठवले. त्यांनी सभांमध्ये एकच प्रश्न म्हणायचा, अर्धं वस्त्र कापून नेणाऱ्या जुगाऱ्या, तू कुठे गेलास? कोण उत्तर देतो ते येऊन सांगायचं. अयोध्येत बाहुक नावाच्या कुरूप सारथ्याने उत्तर दिलं. तेवढ्यावर तिने विश्वास ठेवला नाही. त्याचा धनी राजा ऋतुपर्ण, त्याला खोटाच निरोप धाडला की दमयंतीचं दुसरं स्वयंवर उद्याच आहे. शंभर योजनं एका दिवसात घोडे हाकू शकेल असा माणूस जगात एकच, हे तिला ठाऊक. रथ संध्याकाळी कुंडिनपुरात हजर! वडिलांना या बेताचा पत्ताच नाही, पाहुणा राजा का आला ते त्यांना कळेना.

तरी तपास संपत नाही. दासी केशिनीला पाठवून तो काय करतो ते बघायला लावलं. बुटकं दार त्याच्यासाठी उंच होतं, रिकामे घडे पाण्याने भरतात, गवताची काडी धरली की पेटते. शेवटी त्याच्या हातचं मांस मागवून चाखलं, आणि चवीवरून नवरा ओळखला. (आमचे हे म्हणतात, त्यांच्या हातच्या तर्रीवरून मी त्यांना कुठेही ओळखेन. ओळखेनच, पाणी प्यावं लागतं म्हणून.)

आता सांग, यात रडणारी बाई कुठे आहे? रडते ती, भरपूर रडते, झाडांना आणि डोंगराला नवरा कुठे म्हणून विचारत फिरते. पण रडता रडता पुढचं पाऊल टाकते. सगळं हरवतो नळ, आणि जे परत मिळतं त्याची वाट दमयंतीने आखलेली असते. या नावाने पोरीच्या पायाशी वनवास येईल म्हणतेस? मला तर वाटतं, आला तर निस्तरता येईल.

तुझ्या मुलाला परदेशाचं कौतुक आहे, त्याला हेही सांग. फ्रान्झ बॉप या जर्मन पंडिताने १८१९ साली लंडनमध्ये नलोपाख्यान लॅटिन भाषांतरासह छापलं. पुढे युरोपात संस्कृत शिकणारी पोरं हाच पाठ घेऊन बसायची. ऱ्यूकर्टने जर्मन पद्यात आणलं, झुकोव्स्कीने रशियनमध्ये, आणि अरेन्स्कीने त्यावर ऑपेरा केला. आपण ज्या नावाला नाक मुरडतो, ते मॉस्कोत रंगमंचावर गायलं गेलंय. जवळचं उदाहरण हवं असेल तर कथकच्या दमयंती जोशी.

तडजोड म्हणून तू ‘वैदर्भी’ सुचवलंस. महाभारतात तिला तसं म्हटलंय खरं, भैमीही म्हटलंय. आणि संस्कृत काव्यशास्त्रात वैदर्भी ही गोड, सोप्या रचनेची रीती, दंडीने वाखाणलेली. इकडे हे नाव अलीकडे कानावर येतंही. पण मला विचारशील तर वैदर्भी हे नाव कमी आणि डोमिसाइल सर्टिफिकेट जास्त. पुण्यात तर फारच.

लाडाच्या नावाची मात्र काळजी आत्ताच घे. ‘दमा’ होऊ देऊ नका, ‘दमू’ही नको, दिवसभर दमल्यासारखं वाटेल. ‘दया’ म्हणतील, पण ते वेगळंच नाव होतं. पूर्ण हाक मारायची सवय घरानेच लावावी लागते. आमच्या मोठ्या आत्याचं हेच झालं. माहेरी दमयंती, सगळे दमी म्हणायचे, आणि लग्नात ताटातल्या तांदळात सोन्याच्या अंगठीने ‘सुशीला’ लिहिलं गेलं. संपलं. राशन कार्डावर सुशीला, शाळेच्या दाखल्यावर दमयंती, आणि पेन्शनच्या वेळी दोन्ही बाया एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं. आत्या त्या वेळी फार चिडली होती. म्हणाली, ‘मला काहून विचारलं नाही कोणी?’ अशी किती नावं त्या ताटात पुसली गेली असतील! तुझ्या सुनेने आपलं नाव बदललेलं नाही, तेव्हा नातीचं तरी टिकेल.

नावरसाचं म्हणशील तर ‘दा’ अक्षर पूर्वाभाद्रपदाच्या तिसऱ्या चरणाचं. पोरीचं नक्षत्र दुसरं असलं तर जन्मनाव वेगळं काढा, पत्रिकेत राहील. हाकेचं नाव नक्षत्राला बांधलेलं नसतं, हे तुझ्या सासूबाईंनीच आपल्याला सांगितलं होतं.

आणि घाई करू नका. जन्मदाखल्यात नाव १२ महिन्यांच्या आत फी न भरता घालता येतं. तोवर घरात हाक मारून बघा, जिभेवर बसतं का ते कळेल. इंग्रजी स्पेलिंग मात्र एकदाच काय ते ठरवा. दक्षिणेकडे शेवटी ‘टी’पुढे ‘एच’ लावतात, आपण लावत नाही. दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं झालं की पुढे पोरीला माझ्यासारख्या कुठल्यातरी क्लार्कपुढे उभं राहावं लागतं, आणि सगळ्या क्लार्क माझ्याइतक्या चांगल्या नसतात.

बारशाची तारीख कळव. रिझर्वेशन मिळालं तर मी येतेच, नाहीतर संत्रा बर्फी शेजारच्या मुलाबरोबर पाठवते, तो महिन्याला पुण्याला जातो. सुनेला माझा आशीर्वाद सांग, आणि हे पत्र तिलाही वाचायला दे.

तुझी,
मंगल